सीएनएन फिलिपीन्स बंद का पडलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वृत्तवाहिनी बंद पडली की लोक आधी विचारतात, "कोणी बंद पाडली?" फिलिपीन्समधल्या या वाहिनीबद्दलही तेच झालं. त्या देशात वाहिन्यांना टाळं लावण्याचा इतिहास मोठा आहे, त्यामुळे संशय येणं साहजिक आहे. पण इथलं उत्तर राजकारणापेक्षा हिशेबाच्या वहीत जास्त सापडतं. पत्रकारिता शिकणारी मुलं, वाहिन्यांमधले जुने सहकारी आणि ज्यांची मुलं तिकडे शिकायला आहेत असे पालक, या तिघांकडून फिरून फिरून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

नेमकं काय बंद झालं आणि कधी?

सीएनएन फिलिपीन्स ही अँटेनावर फुकट दिसणारी, मुख्यतः इंग्रजी वृत्तवाहिनी होती. मनिलात ती चॅनल ९ वर लागायची. १६ मार्च २०१५ला सुरू झाली आणि ३१ जानेवारी २०२४ला थांबली. त्याआधी दोनच दिवस, २९ जानेवारीला, कंपनीचे अध्यक्ष बेंजी रामोस यांनी निवेदन काढून सांगितलं की मोठ्या आर्थिक तोट्यामुळे सर्व माध्यमांवरचं काम बंद करत आहोत. टीव्ही, संकेतस्थळ, समाजमाध्यमं, सगळंच. वाहिनीत साधारण ३०० माणसं काम करत होती.

म्हणजे अमेरिकेतलं सीएनएन तिथून निघून गेलं का?

नाही. सीएनएनची ती शाखा नव्हतीच. स्थानिक कंपनीने फक्त नाव भाड्याने घेतलं होतं. ऑक्टोबर २०१४मध्ये नाइन मीडिया कॉर्पोरेशनने सीएनएनच्या तेव्हाच्या मालक कंपनीशी, टर्नरशी, पाच वर्षांचा परवाना करार केला आणि पुढे तो वाढवला. नाव, लोगो, पडद्याची मांडणी आणि आंतरराष्ट्रीय बातम्यांचा साठा सीएनएनचा. पगार, कॅमेरे, वीजबिल आणि तोटा नाइन मीडियाचा.

आपल्याला ही पद्धत नवी नाही. आपल्याकडचं सीएनएन-आयबीएन, म्हणजे आताचं सीएनएन-न्यूज१८, याच जातीचं. तुर्कस्तानात, इंडोनेशियात, ब्राझीलमध्ये, पोर्तुगालमध्येही नावाचे असे करार आहेत. आणि नाव भाड्याचं असलं की एक दिवस ते परत द्यावं लागतं, हे मराठी प्रेक्षकांनी २०१२मध्ये पाहिलंच आहे: स्टार माझा रात्रीत एबीपी माझा झाला. फरक इतकाच की तिथे पाटी बदलली आणि दुकान चालू राहिलं.

मग मालक नक्की कोण होता?

इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं, कारण अर्धी गोष्ट यातच आहे. गाळा एकाचा, दुकान दुसऱ्याचं आणि पाटी तिसऱ्याची, असा तो प्रकार होता.

गाळा म्हणजे चॅनल ९ची फ्रिक्वेन्सी आणि ती वापरण्याची संसदेने दिलेली परवानगी. ती रेडिओ फिलिपीन्स नेटवर्क, म्हणजे आरपीएन, या जुन्या कंपनीकडे. दुकान नाइन मीडियाचं. तिच्यामागे एएलसी हा उद्योगसमूह, ज्याच्याकडे 'बिझनेसमिरर' हे दैनिकही आहे. अंतोनियो काबांगोन-चुआ या उद्योजकाने उभा केलेला हा समूह. २०१६मध्ये ते वारले आणि कारभार पुढच्या पिढीकडे गेला. आणि पाटी सीएनएनची.

मुंबईत किंवा पुण्यात मोक्याच्या चौकातला गाळा ज्याच्याकडे आहे, त्याला विचारून पाहा. आत पुस्तकांचं दुकान चालत नसेल तर तो किती दिवस वाट पाहील? गाळ्याची किंमत दुकानावर ठरत नाही. सीएनएन फिलिपीन्सचं तेच झालं. बातम्या नीट होत्या की नाही, हा प्रश्न नव्हताच. त्या फ्रिक्वेन्सीवर बातम्यांपेक्षा दुसरं काही जास्त कमावून देईल का, हा होता.

अँटेनावर? आजच्या काळात?

हो. आपण छपरावर चढून "आता दिसतंय का? मुंग्या गेल्या का?" असं ओरडणं कधीच सोडलं, फिलिपीन्समध्ये मात्र हवेतून येणारा फुकट टीव्ही अजून मुख्य प्रवाहात आहे. सात हजारांहून जास्त बेटांचा देश, सगळीकडे केबल ओढणं सोपं नाही. तिथे जपानी पद्धतीचं डिजिटल प्रक्षेपणही आलं आहे: एक छोटा डबा, एक अँटेना, दरमहा काही नाही.

प्रेक्षकाला हे फार छान. वाहिनीला मात्र त्यात एक खोच आहे. केबलवरच्या वाहिनीला वर्गणीतला वाटा मिळू शकतो. हवेतल्या वाहिनीला प्रेक्षकाकडून एक पेसोही येत नाही. जे काही यायचं ते जाहिरातीतून.

आपल्याकडे अशी वाहिनी का नाही?

भारतात जमिनीवरून प्रक्षेपण करायची मुभा फक्त दूरदर्शनला. आपल्या सगळ्या खासगी वृत्तवाहिन्या उपग्रहावरून केबल किंवा डिशमार्गे येतात. अँटेनावर बातम्यांची स्वतंत्र वाहिनी आपल्याकडे आली ती सरकारीच: ३ नोव्हेंबर २००३ला डीडी मेट्रोच्या जागी डीडी न्यूज सुरू झालं. गंमत पाहा, आपल्याकडे मनोरंजन काढून त्या जागी बातम्या आल्या. फिलिपीन्समध्ये सगळं उलट्या दिशेने गेलं. त्याबद्दल खाली.

चॅनल ९चा आधीचा इतिहास काय?

बराच मोठा, आणि फारसा अभिमानाचा नाही. आरपीएनची सुरुवात १९६०ची, टीव्ही १९६९पासून. मालक रोबेर्तो बेनेदिक्तो, राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांचे खास मित्र. सप्टेंबर १९७२मध्ये मार्कोसनी लष्करी कायदा लावला, तेव्हा बहुतेक वृत्तपत्रं आणि केंद्रं बंद केली गेली. चालू राहिलेल्या मोजक्यांत हे एक. १९८६मध्ये मार्कोस पळाल्यावर सरकारने ते ताब्यात घेतलं. मग पंचवीस वर्षं सरकारी जप्तीतल्या मालमत्तेचं जे होतं तेच: यंत्रं जुनी, कार्यक्रम उसने, पगाराची रड. तरीही 'न्यूजवॉच' हे त्यांचं इंग्रजी बातमीपत्र जवळपास चार दशकं चाललं. २०११मध्ये खासगीकरण झालं, सोलार एंटरटेनमेंट आली आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर थोड्याथोड्या वर्षांनी पाटी बदलत गेली. सोलार न्यूज चॅनल, मग ऑगस्ट २०१४पासून ९टीव्ही, मग सीएनएन फिलिपीन्स.

ज्याला प्रत्येक वेळी नव्याने ओळख करून द्यावी लागते अशा वाहिनीची सवय लागायला वेळ लागतो. बातम्यांचा धंदा सवयीवर चालतो.

वाहिनी खरंच वाईट होती का?

अजिबात नाही. २०१६ आणि २०२२च्या निवडणुकांत तिने उमेदवारांचे वादविवाद घेतले. फेब्रुवारी २०२२मध्ये मनिलाच्या सांतो तोमास विद्यापीठात झालेल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या वादाला फर्डिनांड मार्कोस ज्युनियर आलेच नाहीत, तरी तो झाला आणि गाजला. पिंकी वेब यांचा 'द सोर्स' हा मुलाखतींचा कार्यक्रम होता. बीबीसीतून परतलेले रिको हिझोन रात्रीचं बातमीपत्र करत. आरडाओरडा कमी. आठ चौकटींत आठ माणसं एकाच वेळी भांडताहेत, असं दृश्य नसायचं. आपल्याकडच्या रात्री नऊच्या वाहिन्या पाहून डोकं उठलेल्या माणसाला ती जरा थंडगारच वाटली असती.

मग तोटा कशाने झाला?

एका कारणाने नाही.

पहिली गोष्ट भाषा. फिलिपीन्समध्ये इंग्रजी सगळीकडे आहे: कोर्टात, कॉलेजात, रस्त्यावरच्या पाट्यांवर. पण संध्याकाळी जेवताना घरात जी बातमी लागते ती फिलिपिनो भाषेतली. जीएमएचं '२४ ओरास' आणि एबीएस-सीबीएनचं 'टीव्ही पॅट्रोल' ही तिथली घरोघरची बातमीपत्रं. सीएनएन फिलिपीन्सकडेही फिलिपिनो बातमीपत्र होतं, पण वाहिनीचा सूर इंग्रजी. म्हणजे अँटेना सामान्य माणसाच्या छपरावर आणि भाषा मात्र मकातीच्या, म्हणजे मनिलातल्या व्यापारी भागाच्या, ऑफिसांतली. ज्यांना ती भाषा हवी होती त्यांच्या घरी केबल होती, आणि केबलवर एएनसी ही इंग्रजी वृत्तवाहिनी १९९६पासून बसलेली. माझ्या मते सगळ्यात महाग चूक हीच. गर्दीच्या बाजारात गाळा घेतला आणि माल ठेवला मोजक्या गिऱ्हाइकांचा.

दुसरी गोष्ट, बातमीला आधार देणारं दुसरं काही नव्हतं. जीएमएसारख्या मोठ्या वाहिनीत मालिका आणि दुपारचे खेळ-गाणी कमावतात आणि त्यावर बातम्या पोसल्या जातात. मालिकेचा भाग पुन्हा दाखवता येतो, परदेशात विकता येतो. कालची बातमी आज कोणी फुकटही घेत नाही. चोवीस तास फक्त बातम्या म्हणजे रोज नवा स्वयंपाक, आणि शिळं काही चालत नाही.

तिसरी, खर्च. सीएनएनच्या नावाचं भाडं, प्रक्षेपक चालवायची वीज, स्टुडिओ, प्रांतांतले वार्ताहर. प्रेक्षक कमी झाले म्हणून यातलं काही कमी होत नाही. दहा हजार लोक पाहोत की दहा लाख, चक्रीवादळ आलं की तुकडी पाठवावीच लागते. आणि फिलिपीन्समध्ये चक्रीवादळं वर्षाला वीसच्या आसपास येतात.

चौथी, जाहिरातीचा पैसा फेसबुक आणि यूट्यूबकडे सरकला. हे जगभर झालं. फेसबुकवर पडीक असलेल्या या देशात जरा जास्तच झालं. त्यात कोविडने कंबर मोडली. मार्च २०२०मध्ये, नेमक्या टाळेबंदीच्या आठवड्यात, वाहिनीच्या मांडालुयोंगमधल्या इमारतीत रुग्ण सापडला आणि निर्जंतुकीकरणासाठी प्रक्षेपणच थांबवावं लागलं. देशाला बातम्यांची सगळ्यात जास्त गरज असताना पडदा काळा. यात दोष कोणाचा नव्हता, पण नशीब म्हणतात ते हेच.

पाचवी माझी अटकळ म्हणून वाचा. वृत्तवाहिन्यांना निवडणुकीचं वर्ष हे शेतकऱ्याला चांगला पाऊस असतो तसं. राष्ट्रीय निवडणूक मे २०२२मध्ये होऊन गेली होती, पुढची थेट मे २०२५मध्ये. जानेवारी २०२४ म्हणजे बरोबर मधला कोरडा काळ.

सरकारने बंद पाडली, असं म्हणतात. खरं आहे का?

लोकांच्या डोक्यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. सरकारच्या कृपेने बंद पडली ती एबीएस-सीबीएन, देशातली सगळ्यात मोठी वाहिनी. राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांच्या काळात तिचा पंचवीस वर्षांचा परवाना मे २०२०मध्ये संपला, नियामकाने थांबायचा आदेश दिला आणि ५ मेच्या संध्याकाळी ती हवेतून गेली. १० जुलैला प्रतिनिधीगृहाच्या समितीने ७० विरुद्ध ११ मतांनी नवा परवाना नाकारला. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या.

सीएनएन फिलिपीन्सचा परवाना कोणी काढून घेतला नाही. ती फ्रिक्वेन्सी आजही चालू आहे. एकीचा गळा दाबला, दुसरी उपासमारीने गेली. दोन्ही मृत्यूच, पण पंचनामा वेगळा लिहावा लागतो. वृत्तस्वातंत्र्याच्या चर्चेत ही दोन नावं एका दमात घेतली जातात, तेव्हा मला खटकतं ते हेच: उपासमारीवर मोर्चा निघत नाही, म्हणून ती कमी गंभीर ठरते.

एबीएस-सीबीएन हवेतून गेल्यावर तिचे प्रेक्षक इकडे यायला हवे होते ना?

सगळ्यांना तसंच वाटलं होतं. पण तो प्रेक्षक मालिकांसाठी आणि फिलिपिनो बातम्यांसाठी बसायचा. तो जीएमएकडे गेला, किंवा एबीएस-सीबीएनच्याच यूट्यूबकडे. शेजारची खानावळ बंद पडली म्हणून लोक पुस्तकाच्या दुकानात जेवायला येत नाहीत.

फिलिपीन्समध्ये अशी वाहिनी बंद पडण्याची ही पहिलीच वेळ का?

नाही, आणि हीच बाब सगळ्यात बोलकी आहे. हवेतून फुकट दिसणाऱ्या वृत्तवाहिन्या तिथे एका पाठोपाठ एक गेल्या. टीव्ही५ने फेब्रुवारी २०११मध्ये अक्स्योनटीव्ही काढली. जानेवारी २०१९मध्ये तिच्या जागी खेळ आले. जीएमए न्यूज टीव्हीही २०११चीच. फेब्रुवारी २०२१मध्ये तिचं नाव जीटीव्ही झालं आणि नावातल्या 'न्यूज'बरोबर बातम्यांचा भारही उतरला. जानेवारी २०२४मध्ये सीएनएन फिलिपीन्स. तीन वेगवेगळे मालक, तीनही वेळा फ्रिक्वेन्सी वाचली आणि बातम्या बाहेर पडल्या. एकाचं दुकान बुडालं तर व्यवस्थापन चुकलं म्हणता येतं. एकाच गल्लीतली तीन बुडाली तर गल्लीकडे बघावं.

चॅनल ९वर आता काय दिसतं?

आरपीटीव्ही. १ फेब्रुवारी २०२४ला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, नाइन मीडियाने टीव्ही५शी हात मिळवून ती सुरू केली. टीव्ही५ ही मानुएल पांगिलिनान यांच्या दूरसंचार समूहाची वाहिनी. आरपीटीव्हीवर खेळ, मनोरंजन, थोड्या बातम्या. तिकडे दुसऱ्याच्या वाहिनीवरची वेळ ठोक भावाने घेण्याला ब्लॉकटाइम म्हणतात. गाळामालकाला भाडं सुरू, दुकानाचा खर्च डोक्यावरून गेला.

कर्मचाऱ्यांना काय मिळालं?

प्रत्येकाच्या हातात किती पडलं हे त्यांचं त्यांना ठाऊक. कायदा मात्र सांगता येतो. तिथल्या कामगार कायद्याप्रमाणे आस्थापना बंद करताना कामगारांना आणि कामगार खात्याला महिनाभर आधी लेखी सूचना द्यावी लागते. साधारण बंदीत एक महिन्याचा पगार किंवा सेवेच्या दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा, यातला जो जास्त असेल तो द्यावा लागतो. पण बंदी गंभीर तोट्यामुळे असेल तर कायदा ही भरपाई बंधनकारक करत नाही. म्हणून 'गंभीर आर्थिक तोटा' हे शब्द निवेदनात आले की जाणकार कामगार नेते आधी तिथेच बोट ठेवतात.

पडदा काळा झाला तो दिवस आणि नोकरी कागदोपत्री संपते तो दिवस एकच असतो असं नाही, हेही लक्षात ठेवा. आपल्याकडच्या एका बंद पडलेल्या वाहिनीत मी काही काळ होतो. स्टुडिओतले दिवे गेल्यावरही आम्ही रोज जाऊन रजिस्टरवर सही करत होतो, कारण सही नसेल तर गैरहजर धरतील असं कोणीतरी सांगितलं होतं. मेकअपच्या खोलीत बसून पत्ते खेळायचो.

वाहिनीच्या जुन्या बातम्या कुठे पाहता येतील?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर सगळ्यात वाईट आहे. वाहिनीबरोबर संकेतस्थळ आणि समाजमाध्यमांवरची पानंही दिसेनाशी झाली. जवळपास नऊ वर्षांचं काम: वादविवाद, कोविडची वार्तांकनं, प्रांतांतल्या लहान बातम्या. तिथल्या पत्रकारांनी शेवटच्या दिवसांत आपापले लेख उतरवून घ्यायची धावपळ केली. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर काही पानं सापडतात. जुना दुवा हाताशी असेल तर तिथे टाकून पाहा. व्हिडिओ मात्र क्वचितच.

आमच्या आधीच्या पिढीतले वार्ताहर कात्रणांची फाईल ठेवायचे. पिवळी पडलेली, कडा झिजलेली, पण पेपर बंद पडला तरी फाईल पलंगाखाली असायची, आणि पेपर ग्रंथालयात. टीव्हीवाल्यांकडे दुवा असतो, आणि दुवा मालकाच्या सर्व्हरवर. तुम्ही वाहिनीत काम करत असाल तर हे वाचून झाल्यावर निदान आपल्या दहा चांगल्या बातम्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून ठेवा. कंपनीचे नियम आधी पाहा, पण ठेवा.

टीव्ही बंद केला ते समजलं, पण इंटरनेटवर का नाही चालू ठेवली?

कारण सीएनएन हे नाव तिथेही भाड्याचंच होतं. नवं नाव घेऊन शून्यापासून वाचक जमवायचे आणि तोवर पगार द्यायचे, याला पुन्हा भांडवल लागतं. जी कंपनी तोटा थांबवायला निघाली आहे ती नवा खड्डा खणत नाही.

मराठी वृत्तवाहिन्यांना यातून काही लागू होतं का?

सगळं नाही. आपल्या वाहिन्या प्रेक्षकांच्याच भाषेत बोलतात, त्यामुळे ती मोठी चूक आपल्याकडे नाही. बहुतेक मोठ्या मराठी वृत्तवाहिन्या एखाद्या राष्ट्रीय समूहाच्या आहेत, म्हणजे तोटा वाटून घ्यायला भावंडं आहेत. फ्रिक्वेन्सीचा गाळाही नाही. पण फ्री डिशवरची जागा लिलावात घ्यावी लागते, ती एक प्रकारे आपल्याकडची गाळ्याची पागडी. आणि फक्त जाहिरातीवर, त्यातही निवडणुकीच्या आणि सरकारी जाहिरातींवर, वर्ष काढणं आपल्याकडे अनोळखी आहे असं कोणी म्हणू नये.

मुलगी तिकडे वैद्यकीय शिक्षण घेते. तिथल्या बातम्या इंग्रजीत आता कुठे पाहायच्या?

महाराष्ट्रातून तिकडे जाणारी मुलं बरीच आहेत, आणि फिलिपिनो न येणाऱ्या पालकांना ही वाहिनी सोयीची होती. मुलीकडे तिथे केबल असेल तर एएनसी आणि वन न्यूज या इंग्रजी वाहिन्या आहेत. इथून पाहायचं असेल तर 'इन्क्वायरर' आणि 'रॅपलर' यांची संकेतस्थळं इंग्रजीतच आहेत. वादळाच्या दिवसांत मात्र बातम्यांपेक्षा तिथल्या हवामान खात्याचं, पागासाचं, पान उघडा: कोणत्या प्रांतात कितव्या क्रमांकाचा इशारा आहे ते तिथे आधी कळतं. मुलीचा प्रांत कोणता ते आजच विचारून लिहून ठेवा. इशारे प्रांताच्या नावाने येतात, कॉलेजच्या नावाने नाही.